हळदीचें पेव आणि संगणक

सांगलीजवळील हरिपूरचीं पेवें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असतील. जमिनींत खोल खणलेल्या या पेवांत व्यापारी हळद सांठवीत व तोंडें मातीनें बंद करीत. एका पेवांतील माल बिघडला, तरी शेजारच्या पेवांतील हळद शाबूत राही. हीच युक्ति संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं शिकून घ्यावी.

पायथन भाषेंत प्रोग्राम लिहितांना इतरांनीं रचलेलीं पॅकेजें 'पिप' या साधनानें आणून बसवावीं लागतात. परंतु एका ठिकाणीं एका पॅकेजची एकच आवृत्ति राहते. नवी आली कीं जुनी जाते. गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें 'नंपाय' या पॅकेजची, जून २०२४ मध्यें निघालेली २.० ही आवृत्ति बसविली. त्याच संगणकावर त्याच्या मित्राचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर चालत असे. तो प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं बंद पडला. मित्राचे डोळे भरून आले. दोष कोणाचाच नव्हता; दोघांचें पेव एकच होतें.

यावर उपाय 'व्हेन्व' हा होय. सन २०१२ मधील पायथन ३.३ पासून तो भाषेबरोबरच मिळतो. आपल्या कामाच्या फोल्डरमध्यें 'पायथन३ -एम व्हेन्व पेव' ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी, म्हणजे 'पेव' नांवाचें स्वतंत्र ठिकाण तयार होतें. लिनक्सवर 'सोर्स पेव/बिन/ॲक्टिव्हेट' या आज्ञेनें तें चालू करावें. मग 'पिप'नें आणलेलीं पॅकेजें तेथेंच राहतात. मूळ व्यवस्थेस धक्का लागत नाहीं. सन २०२३ मध्यें निघालेली डेबियन १२ ही प्रणाली तर मूळ व्यवस्थेंत 'पिप'ला सहसा हात घालूंच देत नाहीं.

दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आपला प्रोग्राम पेवाच्या आंत ठेवूं नये. 'पिप फ्रीज' या आज्ञेनें मिळणारी पॅकेजांची व आवृत्त्यांची यादी बाहेर जपून ठेवावी. मग पेव बिघडलें तरी मोडून पुन्हा उभारतां येतें. दुसरी गोष्ट, पेव आंत टाकलेल्या मालाची पारख करीत नाहीं. खऱ्यासारखें नांव धारण करणारें खोटें पॅकेज पेवांत असूनहि आपल्या इतर फायली वाचूं शकतें. यास्तव नांवाचें अक्षर न् अक्षर पाहूनच तें बसवावें.

नवा द्राक्षारस व जुने बुधले यांचा प्रभूनें दिलेला दृष्टांत आपणांस ठाऊक आहेच. आपल्या गरजेपायीं शेजाऱ्याचें काम नासूं नये, एवढी दक्षता संगणकावर बाळगणारा विद्यार्थी ती घरींदारींहि बाळगील, अशी आम्हांस आशा आहे.