लॉटरी : निरुपद्रवी करमणूक, अपव्यय की गरिबांवरील कर?

जुगार ही निरुपद्रवी करमणूक आहे की पैशाची उधळपट्टी, हा प्रश्न भारतीय समाजाला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांच्या नादाने घरदार गमावून बसलेल्या जुगाऱ्याची व्यथा आहे, तर महाभारताचे कथानकच एका द्यूतसभेवरून वळण घेते. शासनाने या बाबतीत काय करावे, याविषयी मात्र प्राचीन शास्त्रकारांमध्येही एकवाक्यता नव्हती. मनूने राजाला द्यूताचा समूळ बंदोबस्त करण्यास सांगितले. कौटिल्याने द्यूताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी नेमून खेळ एकाच ठिकाणी चालवावा आणि जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के राजकोशात घ्यावेत, असा व्यवहारी मार्ग सुचविला. बंदी आणि महसूल या दोन टोकांमधील हा पेच आजही सुटलेला नाही. तो सर्वांत स्पष्टपणे दिसतो राज्य शासनांच्या लॉटरीत, कारण येथे जुगार चालविणारा, त्यावर नियंत्रण ठेवणारा आणि त्यातून उत्पन्न मिळविणारा हे तिघेही एकच असतात.

लॉटरीतून विकासनिधी उभारण्याची कल्पनाही स्वातंत्र्योत्तर काळातली नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत कलकत्त्याचे टाउन हॉल लॉटरीच्या पैशातून उभे राहिले आणि १८१७ मध्ये स्थापन झालेल्या लॉटरी समितीने त्या शहरातील रस्ते व तलाव याच मार्गाने बांधले. ब्रिटनमध्ये लॉटरीविरुद्ध लोकमत तयार झाल्यावर १८३६ च्या सुमारास ही समिती बंद पडली.

घटनात्मक चौकट

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने या विषयाची विभागणी नीट समजून घेणे आवश्यक आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर ‘पैजा व जुगार’ हा विषय आहे. केंद्र सरकारने अथवा राज्य सरकारने चालविलेल्या लॉटऱ्या मात्र संघसूचीत ४० व्या क्रमांकावर येतात. त्यामुळे मटका, कॅसिनो अथवा पत्त्यांच्या अड्ड्याविषयी राज्य विधिमंडळ कायदा करू शकते, परंतु शासकीय लॉटरीचे नियमन संसदेच्या अखत्यारीत राहते. त्यानुसार संसदेने लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ संमत केला. एक अंकी आकड्यावर बक्षीस देण्यास मनाई, सोडत राज्य शासनानेच काढण्याचे बंधन, एका लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत न काढण्याची आणि वर्षातून सहाहून अधिक बंपर सोडती न काढण्याची मर्यादा, या त्यातील प्रमुख तरतुदी होत.

न्यायालयीन निर्णयांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला (१९५७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हे, सबब अनुच्छेद १९ (१) (छ) चे संरक्षण त्याला मिळू शकत नाही, असे ठरविले. पुढे बी. आर. एंटरप्रायझेस विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९९) या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, शासनाने चालविली म्हणून लॉटरीचे जुगारपण नाहीसे होत नाही. जे राज्य स्वतः लॉटरी चालविते त्याला इतर राज्यांच्या तिकिटांना आपल्या हद्दीत मज्जाव करता येणार नाही, हेही याच निकालाने निश्चित झाले. ज्याला परराज्यातील तिकिटे नको असतील त्याने आधी आपला व्यवसाय बंद करावा, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो.

तिकिटाचे अर्थशास्त्र

जुगार ही केवळ करमणूक आहे, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. चित्रपटाच्या तिकिटावर खर्च केलेले पैसेही परत मिळत नसतात. एखाद्याने महिन्यातून एकदा लॉटरीचे तिकीट घेऊन चार दिवस मनोराज्य केले, तर त्याने स्वप्नाची किंमत मोजली असे म्हणता येईल. ग्राहकाला काय आवडावे हे ठरविण्याचा अधिकार अर्थशास्त्रज्ञाला नाही. फ्रीडमन आणि सॅव्हेज यांनी १९४८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात, एकच माणूस विमाही उतरवितो आणि लॉटरीचे तिकीटही घेतो यात विसंगती नाही, असे दाखवून दिले होते. मोठ्या नुकसानीची धास्ती आणि आहे त्या आर्थिक थरातून एकदम वर जाण्याची ओढ या दोन्ही प्रेरणा माणसात एकत्र नांदू शकतात.

तथापि, करमणुकीच्या या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे : ग्राहकाला आपण किती किंमत मोजतो हे ठाऊक आहे. चित्रपटाच्या बाबतीत ते खरे आहे. लॉटरीच्या बाबतीत नाही. तिकिटावर छापलेली रक्कम ही लॉटरीची खरी किंमत नव्हेच. तिकिटाची रक्कम वजा त्यामागे सरासरीने परत मिळणारी बक्षिसाची रक्कम, ही ती किंमत होय. या सरासरी परताव्याला संख्याशास्त्रात ‘अपेक्षित मूल्य’ म्हणतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. केरळ शासनाच्या २०२२ च्या ओणम बंपर लॉटरीचे तिकीट ५०० रुपयांचे होते. पहिले बक्षीस २५ कोटी रुपयांचे होते, सर्व बक्षिसांची एकूण रक्कम सुमारे १२६ कोटी रुपये होती आणि सुमारे ६६ लाख तिकिटे विकली गेली. म्हणजे विक्रीतून ३३० कोटींच्या आसपास रक्कम जमा झाली आणि बक्षिसांच्या रूपाने तिच्यातील ३८ टक्के परत गेले. ५०० रुपयांच्या तिकिटाचे अपेक्षित मूल्य १९० रुपयांच्या आसपास भरते. स्वप्नाची किंमत तीनशेहून अधिक. त्यातही पहिल्या बक्षिसातून दहा टक्के एजंटचे कमिशन आणि उरलेल्यावर ३० टक्के प्राप्तिकर वजा जाता अधिभारापूर्वीच ती रक्कम १५.७५ कोटी रुपयांवर येते. पहिले बक्षीस लागण्याची संभाव्यता ६६ लाखांत एक इतकी होती. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणूस अत्यल्प संभाव्यतेला मनात तिच्या खऱ्या आकारापेक्षा अधिक वजन देतो. लॉटरीची सारी जाहिरात याच मनोवृत्तीवर उभी असते. विजेत्याचे छायाचित्र सर्वत्र झळकते, बाकीच्या लाखोंचे कोठेच नसते.

वर्षातून एकदा निघणाऱ्या बंपर सोडतीपेक्षा वारंवार निघणाऱ्या सोडती अधिक घातक असतात, ही बाब अभ्यासात बरेचदा सुटते. समजा, एखाद्या खेळात सरासरी ६० टक्के रक्कम परत मिळते आणि खेळणारा मिळालेली रक्कम पुन्हा लावतो. १०० रुपयांचे दुसऱ्या फेरीनंतर सरासरीने ३६ आणि चौथ्या फेरीनंतर सुमारे १३ रुपये उरतात. आठवड्याला एक फेरी असेल तर याला महिना लागतो, पंधरा मिनिटांना एक असेल तर तासभर पुरतो. नव्वदच्या दशकात एक अंकी लॉटरीने हमाल, रिक्षाचालक, रोजंदारीचे मजूर यांची दिवसाची कमाई त्याच संध्याकाळी संपविली ती या गणिताने. १९९८ च्या अधिनियमाने नेमका हाच प्रकार निषिद्ध ठरविला, तो उगाच नव्हे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या दृष्टीने पाहता बक्षिसाची रक्कम म्हणजे हरणाऱ्यांकडून जिंकणाऱ्याकडे झालेले हस्तांतरण असते. तीमुळे नवे मूल्य निर्माण होत नाही. म्हणून ‘अपव्यय’ हा शब्द समाजाच्या पातळीवर काहीसा ढिला ठरतो. पैसा नष्ट होत नाही, तो हात बदलतो. कोणाच्या हातून कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न आहे.

केरळचा अनुभव

केरळने १९६७ मध्ये खासगी लॉटऱ्यांवर बंदी घालून स्वतःचा लॉटरी विभाग स्थापन केला. एक रुपयाच्या तिकिटावर ५० हजारांचे पहिले बक्षीस असलेली पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी निघाली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये हाच मार्ग धरला. ईशान्येकडील काही राज्ये वितरकांमार्फत देशाच्या अन्य भागांत तिकिटे विकतात, तर केरळचा कारभार शासकीय विभागच पाहतो आणि हजारो किरकोळ विक्रेत्यांचा त्यावर चरितार्थ चालतो. यातील अनेक जण वृद्ध अथवा अपंग आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या कारुण्य लॉटरीचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी राखून ठेवण्यात आले.

केरळच्या लॉटरीची एकूण विक्री २०२२-२३ मध्ये दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेली. येथे विद्यार्थ्यांनी एक सापळा ओळखावा. अर्थसंकल्पात ही विक्री करेतर महसुलाच्या बाजूला पूर्ण आकड्याने दिसते, तर बक्षिसे, कमिशन व छपाईचा खर्च खर्चाच्या बाजूला जातो. त्यामुळे केवळ जमेची बाजू वाचणाऱ्याला राज्य लॉटरीवर जगते आहे असे वाटते. प्रत्यक्षात निव्वळ उत्पन्न एकूण विक्रीच्या तुलनेत अगदी लहान असते. एक रुपया महसूल मिळविण्यासाठी नागरिकांकडून अनेक रुपयांची तिकिटे विकत घेववावी लागतात, आणि कर म्हणून पाहिल्यास इतका खर्चिक कर क्वचितच असेल.

तो न्याय्यही नाही. अमेरिकेतील राज्य लॉटऱ्यांचा सखोल अभ्यास क्लॉटफेल्टर आणि कुक यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. लॉटरीत दडलेला कर प्रतिगामी आहे, म्हणजे उत्पन्न जितके कमी तितका त्याचा टक्केवारीतील भार अधिक, हा त्यांचा निष्कर्ष होता. बचत आणि कर्ज हे वर चढण्याचे मार्ग ज्याच्यासाठी खुले आहेत, त्याला तिकिटाची गरज भासत नाही. ज्याच्यासाठी ते बंद आहेत तोच ते रोज घेतो आणि त्याला तो गुंतवणूक समजतो. गरीब रुग्णाच्या उपचारासाठी निधी उभा राहतो ही स्वागतार्ह गोष्ट असली, तरी तो बव्हंशी दुसऱ्या गरिबाच्या खिशातून येतो, हे विसरून चालणार नाही.

बंदीने काय साधते?

तामिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरीच्या विक्रीवर बंदी घातली. उघड विक्री थांबली, हे निर्विवाद. परंतु तामिळनाडूत केरळच्या निकालातील शेवटच्या तीन आकड्यांवर पैसे लावण्याचा बेकायदा धंदा फोफावला. मुंबईकरांना हे नवे वाटणार नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद भावांवर मुंबईत सट्टा चालत असे. ते भाव येणे साठच्या दशकाच्या आरंभी थांबले, तेव्हा आकडे मडक्यातील चिठ्ठ्यांमधून निघू लागले आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ पासून अस्तित्वात असूनही तो धंदा कित्येक दशके टिकला. बंदीचा उपयोग नाही, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. रोज सहज हाताशी येणाऱ्या जुगारापेक्षा चोरून खेळावा लागणारा जुगार कमी लोकांपर्यंत पोचतो. मात्र त्यात अडकलेल्याला कायद्याचे संरक्षण उरत नाही, ही या उपायाची किंमत आहे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व विनियमन अधिनियमाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदीची भूमिका घेतली. शिक्षा खेळ पुरविणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. कागदी शासकीय लॉटरीला मात्र १९९८ चाच अधिनियम लागू आहे. तिच्या बाबतीत शासनाने बंदीऐवजी कराचे साधन वापरले.

कराचा भार कोणावर?

लॉटरीवरील वस्तू व सेवा कर १ मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के झाला. त्यासंबंधीचा निर्णय डिसेंबर २०१९ मध्ये मतदानाने घेतला गेला. वस्तू व सेवा कर परिषदेच्या इतिहासातील ते पहिलेच मतदान होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के करण्यात आला. कर तिकिटाच्या छापील किमतीत समाविष्ट असल्याने ५० रुपयांच्या तिकिटातील त्याचा वाटा १०.९४ रुपयांवरून १४.२९ रुपयांवर गेला. घातक वस्तू महाग केल्यास तिचा खप घटतो, हे अशा कराचे नेहमीचे समर्थन असते. केरळने तिकीट ५० रुपयांवरच ठेवले आणि बक्षिसांची व कमिशनची रक्कम कमी केली. ग्राहकाला किंमत वाढल्याचे दिसले नाही, त्यामुळे खप घटण्याचे कारणही त्याच्यापुढे आले नाही. वाढलेला कर बक्षिसांतून, म्हणजे तिकिटाच्या अपेक्षित मूल्यातून, आणि रस्त्यावरच्या विक्रेत्याच्या मिळकतीतून वसूल झाला. या कराचा निम्मा हिस्सा राज्याच्याच तिजोरीत जमा होतो.