शुगरची फाईल दातांच्या डॉक्टरकडेही न्या

गोळ्या वेळेवर, भातही कमी, तरी शुगर हटत नाही; आणि ब्रश करताना थुंकीत रक्त दिसतं. असं असेल तर पुढचे तीन महिने हिरड्यांसाठी काढा.

आधी उजेडात, आरशासमोर ओठ वर करून पाहा. हिरडी लाल, सुजलेली, दातापासून सुटलेली दिसली, दाबल्यावर पू आला, तर तो बहुधा पायरिया. बिडी-सिगारेटवाल्यांनी ‘आपलं रक्त येत नाही’ म्हणून निश्चिंत राहू नये. धुरामुळे रक्त कमी येतं आणि दुखणं आत वाढत राहतं. मशेरीची डबी आजच बंद.

मग एचबीएवनसी करून घ्या. उपाशीपोटी जावं लागत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात कळते. हा आकडा उपचाराआधीचाच हवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

दातांच्या डॉक्टरची वेळ सकाळची घ्या. नाश्ता आणि औषधं नेहमीसारखी. ‘दातांचं काम आहे’ म्हणून इन्सुलिन घेऊन उपाशी बसणारे बरेच असतात. तसं करू नका. खुर्चीत घाम फुटला, हात थरथरले, तर हात वर करा, साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. मनाने थांबवू नका.

डॉक्टर बारीक खुणांच्या सळईने हिरडी आणि दात यांमधली खोली मोजतील. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक; ४ किंवा जास्त भरली तर तो आकडा फाईलमध्ये लिहून मागा. मग सफाई. खोल असेल तर बधिर करून मुळापर्यंत, दोन-तीन खेपांत.

‘क्लीनिंगने दात हलतात’ हे घरोघरी ऐकू येतं. खरं असं, की हाड आधीच झिजलेलं असतं आणि सैल दातांना किटणाचाच टेकू असतो. किटण निघालं, सूज उतरली, की फटी दिसू लागतात. दोष मात्र सफाईच्या माथी.

घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका, साधारण ४५ अंशांत धरा. दोन मिनिटं, दोनदा. जोर नको. फटींत छोटा इंटरडेंटल ब्रश रोज फिरवा. तिथे मोठा ब्रश पोहोचत नाही. रात्री ब्रशनंतर फक्त पाणी.

हिरडीची सूज अंगभर पसरून इन्सुलिनचा असर कमी करते आणि वाढलेली साखर हिरडी भरू देत नाही. म्हणून तीन महिन्यांनी दोन्ही मोजमापं पुन्हा करा. चांगल्या सफाईनंतर एचबीएवनसी सरासरी ०.३ ते ०.४ ने उतरतो, म्हणजे ८.४ चा ८ च्या आसपास. यावर गोळी बंद होत नाही. कागद दोन्ही डॉक्टरांना दाखवा आणि पुढच्या सफाईची तारीख घेऊनच निघा.