कोंबड्यांच्या कुंपणात काय लावावे?

प्रश्न : परसात पंधरा गावरान कोंबड्या आहेत. कुंपणात काहीही पेरले तरी आठवड्याभरात उकरून टाकतात. काय लावू?

उत्तर : दोष बियाण्याचा नाही, कोंबडीच्या पायांचा आहे. लसूणघासच पेरा, पण वाफ्यावर वीतभर उंच लाकडी चौकट ठेवून जाळी ठोका. जाळीबाहेर आलेला शेंडाच चोचीला मिळतो, मुळे शाबूत राहतात. शेवगा कुंपणाबाहेर लावा. फांद्या छाटून आत टांगा. सावली मिळते ती वेगळीच. सुबाभूळ टाळा, त्यात मिमोसीन हे विषारी द्रव्य असते. कण्हेर, घाणेरी तर जवळपासही नको. पाल्याने बलक छान पिवळा होतो, पण पोट भरत नाही. रोजचा दाणा चालूच ठेवा.