विळी माळ्यावरची

अगं, लग्नातले फोटो पाहिले तुझे. प्रत्येकात तोंडावर हात! रागावत नाहीये हं. शाळेच्या फोटोंत मी तरी कुठे दिसते?

माझा जन्मतः फाटलेला ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू दीड वर्षाची असताना. लोकांना वाटतं टाके पडले की संपलं. माझा ‘प’ नाकातून पळायचा. नाकाखाली आरसा धरून ‘पापड, पापड’ घोकायचे. आरशावर वाफ धरली की पुन्हा पहिल्यापासून. वर्गात काय नाव पडलं होतं, ते जाऊ दे.

पण मला जास्त लागायचं ते आईला विचारलेलं. “ग्रहणात काही चिरलंस का गं?” तिला बिचारीला आठवतच नव्हतं. तरी विळी माळ्यावर गेली. ओठ जुळतो तो गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, हे मला विशीत डॉक्टरांनी सांगितलं. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचाही पत्ता नसतो! कधी अनुवंश, कधी एखादं औषध, कधी तंबाखू. बरेचदा एकच एक कारण सापडतही नाही. आईसाठी म्हणून मी पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडलं.

आता शनिवारी दवाखान्यात नव्या आयांजवळ बसते. भाषण नाही देत. बाळाला उभं धरून बोंडल्याने किंवा चमच्याने थोडं थोडं दूध कसं पाजायचं, मधेमधे ढेकर कसा काढायचा, ते दाखवते. मग सांगते, अंगणवाडीताईंना गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून फाटलेला ओठ-टाळू आहे, शस्त्रक्रिया मोफत होते. त्यांच्या सासूबाईंशी मात्र वेगळं बोलते. ग्रहण बहुधा तिथेच अडकलेलं असतं! असाच ओठ घेऊन जन्मलेल्या मिर्झापूरच्या पिंकी सोनकरचं नाव काढते. तिच्यावरच्या ‘स्माइल पिंकी’ माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं आणि २०१३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात नाणं तिने उडवलं. सासूबाईंना विम्बल्डन कळत नाही, पण टीव्हीवर आली म्हटलं की मान हलते.

तू लगेच असलं काही करायला हवंस असं नाही हं. लहान मुलाने विचारलं तर सरळ सांग, जन्मतः ओठ जुळला नव्हता, डॉक्टरांनी शिवला. मोठ्यांनी विचारलं तर मनात असेल तर सांग, नाहीतर चहा घेणार का विचार.

रविवारी ये, कोथिंबीरवड्या करू. विळी खाली काढलीये, गंजही घासलाय. आई अजून तिच्यावर बसत नाही. कोथिंबीर तूच चिर.