वाळूत रुतलेली होडी

प्रश्न: ओहोटीत आमची मच्छीमार होडी खाडीच्या मुखाशी वाळूत रुतली. इंजिनाचा पूर्ण जोर लावूनही हलली नाही. अशा वेळी काय करावे?
– एक वाचक, दापोली

उत्तर: जोर लावल्याने होडी सुटते हा समज चुकीचा असून, पंख्याने उसळलेली वाळू थंडाव्याच्या पाण्यावाटे शिरून इंजिन तापते. आधी तळाला भेग नाही ना हे पाहावे, कारण फुटलेली होडी खोल पाण्यात नेणे अधिक घातक असते. मग छोट्या होडीतून नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाकावा आणि भरतीचे पाणी रुतल्या वेळच्या पातळीला आले की दोर ओढावा. ताणलेल्या दोराच्या रेषेत मात्र कोणीही उभे राहू नये. चिंता खरी असते ती उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीच्या माथ्यावर रुतल्यास, कारण पुढच्या भरत्या उतरत्या असतात. आपली होडी ओहोटीत रुतल्याने ती बहुधा पुढच्याच भरतीत तरंगेल. जीवाला धोका दिसताच तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे.