नात्यांची मर्यादा कोणासाठी?

साप्ताहिक सत्संगात एखादा तरुण कधी असा प्रश्न विचारतो की ज्येष्ठ मंडळी गप्प होतात. "दोघे सज्ञान आहेत, दोघांची संमती आहे, तर रक्ताच्या जवळच्या नात्यात विवाह का नको?" हा त्यातलाच एक प्रश्न. "महापाप आहे, बोलू नये" असे म्हणून विषय मिटवता येतो. परंतु कारण न समजता पाळलेला नियम पहिल्याच वादात डळमळतो. म्हणून या पाठात आपण शांत मनाने कारणे पाहू.

१. शास्त्रांची दृष्टी

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दहावे सूक्त म्हणजे यम आणि यमी या जुळ्या भावंडांचा संवाद. यमी संबंधाची इच्छा व्यक्त करते. यम स्पष्ट नकार देतो. कोणी पाहत नाही म्हणून कृत्य योग्य ठरत नाही, देवांचे हेर सदैव जागे असतात, हा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. मर्यादा लोकलाजेची नसून अंतःकरणाची आहे, हा पहिला बोध.

वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडात वाली श्रीरामांना विचारतो की मला का मारले. कन्या, भगिनी किंवा धाकट्या भावाची पत्नी यांच्याशी कामभावनेने वागणारा दंडास पात्र आहे, असे उत्तर त्याला मिळते. येथे दोष बलवानाला लावलेला आहे. ज्याने रक्षण करायचे, त्यानेच भक्षण केले, हा खरा अपराध. हा दुसरा बोध आपल्याला पुढे लागणार आहे.

विवाहासाठी याज्ञवल्क्यस्मृतीने आईकडून पाच आणि वडिलांकडून सात पिढ्या टाळण्यास सांगितले आहे.

२. शरीराचे कारण

प्रत्येकाच्या शरीरात काही सुप्त दोष असतात. आई-वडील दोघांकडून तोच दोष आला तरच अनेक आजार प्रकट होतात. थॅलेसेमियात दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सख्ख्या भावंडांची निम्मी आनुवंशिक द्रव्ये सारखी असतात, चुलत-मामे भावंडांची सुमारे एक अष्टमांश. नाते जितके जवळचे, तितका तोच दोष दोन्हीकडून येण्याचा धोका अधिक.

परंतु हे एकमेव कारण मानू नये. तसे असते तर अपत्य नको असलेल्यांना मर्यादाच उरली नसती.

३. कुटुंबाचे कारण

दत्तक मुलीचे रक्त वेगळे असते, तरी ती मुलगीच. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार पुरुषाने मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर हवे. रक्त एक नसतानाही हे अंतर का? कारण घर विश्वासावर उभे असते. मूल वडील, काका, मामा, मोठा भाऊ यांच्या कुशीत निर्धास्त झोपते, कारण त्या मायेमागे दुसरा हेतू नसतो. तो हेतू शिरला की घरातील एकही स्पर्श निर्मळ राहत नाही.

संमतीचेही तेच. जिचे अन्न, शिक्षण आणि छप्पर समोरच्याच्या हातात आहे, तिचा होकार मोकळा कसा म्हणावा?

४. समाजाचे कारण

विवाहाला आपण 'सोयरीक' म्हणतो. विवाहामुळे परके घर आपले होते, संकटात धावून येणारी माणसे वाढतात. घरातल्या घरात विवाह झाले तर घर स्वतःभोवतीच बंद होईल.

ही रेषा नेमकी कुठे आखायची, याबाबत भारतात एकच रीत नाही. उत्तरेत मामाची मुलगी बहीणच. दक्षिणेत अनेक समाजांत तिला पहिला मान. महाराष्ट्र मधला प्रदेश असल्याने येथे कित्येक जातींत मामेबहिणीशी विवाह चालतो, हे इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात दाखवले आहे. सीमारेषा बदलते, माता, कन्या, भगिनी यांच्याबाबत मात्र कोणताही प्रांत सूट देत नाही.

५. कायदा

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंत सपिंड नाते धरले आहे. अशा किंवा इतर निषिद्ध नात्यातील विवाह शून्य ठरतो. फक्त दोन्ही पक्षांत दीर्घकाळ चालत आलेली रूढी असेल तरच अपवाद. सावत्र आणि दत्तक नातीही यात येतात. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सपिंड विवाहावरील बंदी कायम ठेवली.

सगोत्र विवाहाची गोष्ट निराळी. त्यावरील कायदेशीर बंधन १९४६ मध्येच दूर झाले. म्हणून केवळ गोत्र एक आहे म्हणून मुलामुलींचा छळ करणे हा धर्म नव्हे. दोन सज्ञानांच्या विवाहात खाप पंचायतीने हस्तक्षेप करणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले.

अल्पवयीन मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यात अत्याचार करणारा नातेवाईक असेल तर गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. बलात्कारासाठी किमान २० वर्षांची शिक्षा आहे. मुलाची 'संमती' येथे विचारातच घेतली जात नाही. माहिती असून न कळवणे हाही गुन्हा आहे.

६. मर्यादेच्या नावाने मौन

आता सर्वात कठीण भाग. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात लैंगिक छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातील आढळले. तरीही एखादी मुलगी आईला काही सांगू लागली की पुष्कळदा उत्तर मिळते, "गप्प बस, घराची अब्रू जाईल."

विचार करा. जी मर्यादा दुर्बलाच्या रक्षणासाठी होती, तिच्याच नावाने आपण दुर्बलाचे तोंड बंद करतो. अब्रू बोलणाऱ्या मुलीमुळे जात नाही. ती आधीच, करणाऱ्याने घालवलेली असते. वालीला मिळालेले उत्तर आठवा: दोष कोणाचा, हे तेथे स्पष्ट आहे.

आचरणासाठी

१. मुलांना शरीराच्या अवयवांची नावे आणि नको असलेल्या स्पर्शाला 'नाही' म्हणणे शिकवावे. स्पर्श करणारा नात्यातला असला तरीही.
२. मुलाने काही सांगितले तर प्रथम विश्वास ठेवावा. "तुझी चूक नाही" हे शब्द लगेच उच्चारावेत.
३. प्रकरण घरात मिटवू नये. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. सत्संगातील ज्येष्ठांचा सल्ला हा त्याला पर्याय नाही.

चिंतनासाठी प्रश्न: माझ्या घरातील सर्वात लहान व्यक्तीला आज काही सांगावेसे वाटले, तर ती न घाबरता माझ्याकडे येईल का?