पहिली निवड

आमच्या हसनाबादच्या मैदानावर फुटबॉल खेळायचा म्हटला की आधी गडी वाटून घ्यावे लागतात. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक गडी घेतात. काल जो हरला, तो आज पहिला गडी निवडतो. मी अंगाने लहान, त्यामुळे माझे नाव नेहमी शेवटी येई.

एकदा मी रडवेला होऊन घरी आलो. भाईजान म्हणाले, "अरे, मोठमोठे संघही असेच गडी वाटून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. अमेरिकेत हे १९३६ साली सुरू झाले. तिथला फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट असतो आणि तो हातात धरून पळतात. सर्वांत दुबळ्या संघाने आधी निवड करायची, असा नियम केला. फिलाडेल्फियाच्या संघाने पहिल्यांदा जे बर्वेंगर याला निवडले. पण तो त्या स्पर्धेत कधी खेळलाच नाही!"

मला हसू आले. "मग पहिली निवड मिळून काय उपयोग झाला?"

"माझीच गोष्ट ऐक," भाईजान म्हणाले.

भाईजान एफसी पुणे सिटी या संघाचे चाहते होते. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. पहिल्या तिन्ही वर्षी पुण्याचा संघ उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला नाही. २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत ड्राफ्ट होता. हा लिलाव नव्हे. लिलावात जास्त बोली लावणारा जिंकतो. इथे खेळाडूची किंमत आधीच ठरलेली असते आणि ज्याची पाळी, त्याची निवड.

भाईजाननी वहीच्या मागच्या पानावर आपल्या पसंतीची यादी लिहिली होती. सर्वांत वर अनस एडाथोडिका. पण नव्या जमशेदपूर संघाने पहिल्याच पाळीला त्याला घेतले. किंमत एक कोटी दहा लाख! भाईजाननी ते नाव खोडले. त्या दिवशी पुण्याला मिळालेल्या खेळाडूंत गोव्याचा आदिल खान होता. तो यादीत नव्हताच.

"हा कोण?" चाचांनी विचारले.

"आता आपला झाला ना? यंदा बघाच तुम्ही," भाईजान म्हणाले. चहाच्या टपरीवर सगळे हसले.

त्या हंगामात पुणे प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. मार्च २०१८ मध्ये बेंगळुरूने त्यांना ३–१ असे हरवले. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. पुढच्या वर्षी तर संघच बंद पडला. भाईजान दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत, असे अम्मी सांगते.

मग १५ ऑक्टोबर २०१९ आला. कोलकात्यात भारत बांगलादेशाविरुद्ध ०–१ असा मागे होता. सामना संपत आला होता. कॉर्नरवरून आलेला चेंडू एका खेळाडूने डोक्याने जाळ्यात टाकला आणि बरोबरी झाली. तो आदिल खान होता. भाईजान इतक्या जोराने ओरडले की चाचा धावत आले.

"चाचा," भाईजान म्हणाले, "हा तो!"

दुसऱ्या दिवशीही कप्तानाने मला शेवटीच घेतले. कॉर्नर मिळाला तेव्हा मात्र मी गोलाजवळ जाऊन उभा राहिलो.

शब्दार्थ : गडी – खेळाडू, आळीपाळीने – बारी-बारीने, रडवेला – रडकुंडीला आलेला, पसंती – आवड, उपांत्य – शेवटच्या आधीची.